मिरगाआधी कोंबड्यांची डालगी उन्हात काढा

मे संपत आला, ७ जूनच्या आसपास मिरग निघेल, म्हणजे कडक उन्हाचे दिवस आता मोजकेच राहिले. घर शाकारायचं, लाकडं आत घ्यायची, आगोटीची म्हणजे पावसाळ्याची बेगमी करायची, या धावपळीत कोंबड्या कोंडायच्या बांबूच्या टोपलीकडे, म्हणजे डालग्याकडे, बघतो कोण? मिरगाला वडे-कोंबडा कोणाला चुकत नाही, पण ज्या कोंबड्या उरतात त्यांना पुढचे चार महिने त्याच डालग्यात काढायचेत की नाही?

मला यावर्षी एकच गोष्ट सांगायची आहे. कोंबडीला पिसवा झाल्या म्हणून आपण कोंबडी धरून तिला औषध चोळत बसतो, आणि ज्या डालग्यात किडे खरे राहतात ते तसंच पडवीत पालथं असतं. आपण सगळ्यांना पिसवाच म्हणतो, पण किडे दोन तऱ्हेचे. अंगावर चोवीस तास राहतात त्या उवा, पिवळट असतात, दिवसा पंखाखाली नाहीतर शेपटीखाली पिसं बाजूला केली की पळताना दिसतात, पिसाच्या मुळाशी अंड्यांचे पांढरे गुच्छ दिसतात. पण ते बारीक लाल किडे, माइट्स म्हणतात ते, रात्री कोंबडीचं रक्त पिऊन सकाळी परत फटीत जातात. दिवसा कोंबडी कितीही उलटीपालटी करा, काय दिसणार? खूण वेगळीच असते, सांजेला कोंबड्या आत शिरायला मागत नाहीत, पडवीच्या वाशावर जाऊन बसतात, तुरा फिका पडतो, अंडी कमी होतात. रात्री दहानंतर टॉर्च घेऊन जा आणि बसायच्या दांडीखालून पांढरं फडकं फिरवा, फडक्यावर लाल डाग उमटले की समजा.

आता आपली डालगी बांबूची, म्हणजे फटीच फटी. सगळ्यात वाईट जागा म्हणजे कड. वर दुहेरी काठी धरून वेलाने घट्ट बांधलेली असते ना, त्या दोन काठ्यांच्या मधे सगळी वस्ती. आधी डालगं आपटून झाडा, नारळाच्या सोडणाने खरवडा, मग उकळतं पाणी हंड्यातून सावकाश कडेवरून ओता, घाईघाईत शिंपडू नका, फटीत उतरू दे. नंतर दोन-तीन दिवस कातळावर कडक उन्हात टाका, वर काळं प्लॅस्टिक गुंडाळलंत तर आणखी तापतं. आणि हे सगळं आठवड्याने परत करायचं, कारण अंडी मागे राहतात आणि दमट उष्ण हवेत अंड्यापासून मोठा किडा व्हायला सात-आठ दिवस पुरतात. एकदाच केलं तर काही उपयोग नाही, हे मी दोन पावसाळे वाया घालवून शिकलेय. डालगं महिनाभर रिकामं ठेवलं की किडे उपाशी मरतील हाही भ्रम आहे, ते रक्ताशिवाय कित्येक महिने तग धरतात.

वाळल्यावर शेण-माती कालवून कड आणि खालची चार बोटं सारवून घ्या, कणगी सारवतात तशी. पूर्ण डालगं सारवू नका हं, आत वारा खेळला पाहिजे, नाहीतर पावसात बुरशी धरते.

नवीन डालगं करून घेणार असाल तर विणणाऱ्या काकांना दोन गोष्टी आधीच सांगा. बांबू कोवळा नको, निदान तीन वर्षांचा, थंडीत तोडलेला आणि पाण्यात भिजवलेला, कारण बांबूत पिष्ट राहिलं की घुण लागतो, पिवळं पीठ गळतं आणि त्या भोकांत परत माइट्सची सोय होते. दुसरं, कड शक्यतो एकेरी आणि सुटसुटीत बांधा म्हणावं. दिसायला जरा साधी दिसेल, चालेल. आत बसायला दांडी लावाल ती माणगा बांबूची घ्या, तो भरीव असतो, पोकळ कळक बांबूची दोन्ही टोकं म्हणजे किड्यांचं लॉजिंग-बोर्डिंग. दांडीची टोकं टेकतात तिथे जुन्या ऑइलमध्ये बुडवलेली चिंधी गुंडाळा, फक्त कोंबडीचे पाय लागणार नाहीत इतकी बाजूला.

आंब्याच्या तुडतुड्यांसाठी आणलेल्या औषधाची अर्धी बाटली घरात पडलेली असते, ती चुकूनही खुराड्यात मारू नका. मी एकदा मारलं, किडे गेले आणि तीन दिवसांनी आठ पिल्लं पण गेली. औषध पाहिजेच असेल तर गुरांच्या डॉक्टरांना विचारून कोंबड्यांच्या खुराड्याचं घ्या, त्यांनी सांगितलेलं प्रमाण पाळा, कोंबड्या, अंडी, खाणं सगळं बाहेर काढून मारा, सुकल्यावर आत सोडा आणि अंडी किती दिवस खायची नाहीत तेही विचारून घ्या.

खुडूक कोंबडी बसवताना तर डबल काळजी. २१ दिवस ती एका जागी बसते, तेवढ्यात माइट्सच्या दोन-तीन पिढ्या होतात, रक्त कमी पडून ती अर्ध्यावर अंडी सोडून उठते आणि आपण म्हणतो कोंबडीच खोटी. टोपली उकळत्या पाण्याची, पेंढा नवा. पेंढ्याखाली निगडीचा म्हणजे निर्गुंडीचा पाला घालायची आजीची पद्धत मी सोडलेली नाही, कडुनिंब घाटावर मिळतो तसा आपल्याकडे कुठे मिळतो. पण पाला घातला म्हणून टोपली तशीच वापरू नका.

उवा पावसातच का वाढतात? उन्हाळ्यात कोंबडी मातीत लोळते, तिची आंघोळच ती, धुळीने उवा गळतात. पावसात अंगण चार महिने चिखल. म्हणून मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपट्यात, नाहीतर पडवीच्या कोपऱ्यात जुना टायर आडवा टाकून त्यात चुलीची चाळलेली राख आणि सुकी वाळू आत्ताच भरून ठेवा, जुलैत सुकी वाळू मिळायची नाही. राखेत चुना मिसळू नका, ओल्या अंगाला भाजतो, आणि प्लॅस्टिक जाळलेली राख पण नको.

पावसात ऊन नसताना माइट्सवर नजर ठेवायला टीव्ही-फ्रिजच्या खोक्याचा नागमोडी पुठ्ठा हातभर कापून दांडीखाली बांधा, किडे दिवसा त्यात घुसतात. दर चार-पाच दिवसांनी काढून थेट पेटत्या चुलीत घाला, अंगणात झटकू नका.