धक्क्यावरच संपवायची कामं: छोट्या बेटावरच्या संवर्धन गटासाठी तयारीची यादी

छोट्या बेटावरच्या गटाची सगळी तयारी दोन प्रश्नांभोवती फिरते. काय विसरलं, आणि न बोलावता काय सोबत आलं? विसरलेली वस्तू आणायला दुसरी फेरी नसते, आणि एकदा उतरलेला उंदीर आपण होऊन परत होडीत चढत नाही. म्हणून इथली बहुतेक कामं बेटाच्या अलीकडच्या, मुख्य किनाऱ्यावरच्या धक्क्यावर, किंवा त्याच्याही आधी घरी, उरकायची आहेत.

सुरुवात तारखेपासून. आधी पक्ष्यांचं वेळापत्रक बघा, मग समुद्राचं, आणि माणसांच्या सुट्ट्या सगळ्यात शेवटी. बहुतेक गट नेमकं उलटं करतात. सुरय, कुरव असे उघड्या जमिनीवर अंडी घालणारे पक्षी विणीवर असतील तर त्या भागातलं काम पुढे ढकला. पक्षी उठला की भर उन्हात अंडी काही मिनिटांतच धोक्यात येतात, आणि शेजारचा कुरव तेवढ्याच संधीची वाट बघत असतो. बिळात घरटं करणारे समुद्रपक्षी दिवसा दिसतही नाहीत. रान मोकळं वाटतं आणि पायाखाली बिळांची चाळण असते. त्यामुळे तारीख नक्की करण्याआधी बेटाच्या नकाशावर कोणत्या महिन्यात कुठे जायचं नाही हे रंगवून ठेवा. तो नकाशा प्रत्येक म्होरक्याच्या खिशात हवा.

भरती-ओहोटीचं कोष्टक त्या वर्षाचं आणि त्याच बंदराचं आहे ना, हे तपासा. बंदर वेगळं असेल तर वेळेतला फरक धरा. पाणी एकसारख्या वेगाने उतरत नाही. सहा तासांच्या ओहोटीत पहिल्या तासात एकूण उताराचा बारावा भाग जातो, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग दोन आणि शेवटी एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी ओसरतं, आणि ‘अजून पाऊण तास आहे’ म्हणणारे नेमके तेव्हाच अडकतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. तेव्हा खडकावरचं शेवाळ उघडं पडतं आणि उतरण्याची जागाच बदलते. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, भरती-ओहोटीतला फरक कमी असतो. भरती रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते, म्हणून मागच्या शनिवारची वेळ या शनिवारी चालत नाही. परतीची वेळ दोन आकड्यांत लिहा: काम थांबवण्याची, आणि होडी सुटण्याची. दोहोंत निदान 45 मिनिटं ठेवा, कारण हत्यारं धुणं, कचरा धक्क्यापर्यंत वाहणं आणि डोकी मोजणं याला तेवढी लागतातच. वाऱ्याबद्दल शेवटचा शब्द होडी चालवणाऱ्या तांडेलाचा. गटातलं कुणीही ‘एवढ्या लांबून लोक आलेत’ हे कारण पुढे करून त्याच्यावर दबाव आणणार नाही, हे आधीच ठरलेलं असावं. फेरी रद्द करायची तर किती वाजेपर्यंत आणि कोण कळवणार, तेही लिहून ठेवा.

आता माणसं. सहा ते आठ स्वयंसेवकांमागे एक जाणता माणूस धरा, आणि गटातले निदान दोघे प्रथमोपचार शिकलेले असावेत. दोघे का? एक जखमी झाला तर दुसरा हवा म्हणून. नावांच्या यादीची एक प्रत होडीवर, एक म्होरक्याकडे आणि एक अलीकडच्या किनाऱ्यावर थांबलेल्या माणसाकडे. किनाऱ्यावरच्या या माणसाला ‘अमुक वाजेपर्यंत निरोप आला नाही तर अमुक ठिकाणी कळवा’ असं स्पष्ट लिहून द्या, नुसतं ‘लक्ष ठेवा’ म्हणू नका. दमा, मधमाशीची ॲलर्जी, गुडघ्याचं दुखणं हे आदल्या आठवड्यात खासगीत विचारा. धक्क्यावर सगळ्यांदेखत विचारलं तर लोक सांगत नाहीत. मोबाइलची रेंज बेटाच्या कोणत्या कोपऱ्यात येते हे नकाशावर असू द्या. हातातला सागरी वायरलेस सोबत असेल तर तो चार्ज आहे ना, आणि संकटाच्या हाकेसाठीचं चॅनेल 16 कसं लावायचं हे दोघांना येतं ना, ते पाहा.

लाइफ जॅकेट मोजून चालत नाही, तपासावी लागतात. आपोआप फुगणाऱ्या जॅकेटमधला वायूचा छोटा सिलिंडर हाताने आवळून बघा. होडीच्या थरथरीने तो सैल होतो आणि मग ऐन वेळी जॅकेट फुगत नाही. मांड्यांमधला पट्टा लोकांना नकोसा वाटतो, पण तो नसेल तर पाण्यात जॅकेट डोक्यावरून वर सरकतं. पाठीवरची पिशवी जॅकेटवर कधीच नको.

यादीतला सगळ्यात मोठा भाग आता येतो, आणि इथेच सगळ्यात जास्त घाई होते. बेटावर काही नवं नेऊ नये यासाठीची झडती. उंदराची एक गाभण मादी पुरेशी असते: तीन-साडेतीन आठवड्यांत पिल्लं होतात आणि ती पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः वितात. उलट, आलेला एकटा उंदीर पकडणं किती अवघड, हे न्यूझीलंडमधल्या एका प्रयोगात दिसलं. 2004 साली मोटुहोरोपापा या उंदीरमुक्त बेटावर रेडिओ कॉलर लावलेला एक नर मुद्दाम सोडला होता. सापळे, आमिषं, शिकारी कुत्रे असूनही तो 18 आठवडे हाती लागला नाही, आणि मधल्या काळात 400 मीटर पोहून शेजारच्या ओटाटा बेटावर पोचला होता. कॉलर होती तरी ही गत.

म्हणून सामान बंद खोलीत, शक्यतो फिक्या रंगाच्या फरशीवर, रिकामं करून पुन्हा भरा. ‘मी घरी नीट भरलंय’ हे उत्तर धरायचं नाही. उघड्या पिशव्या, पुठ्ठ्याचे खोके आणि सैल गवताचे भारे बाद; घट्ट झाकणाचे प्लास्टिकचे डबे चालतात. पुठ्ठ्याच्या थरांमधल्या पोकळ नळ्यांत मुंग्या आणि झुरळांची अंडी आरामात प्रवास करतात. तंबू, ताडपत्री, दोरीची वेटोळी पूर्ण उलगडून झटका. बारका उंदीर पेन्सिल जाईल एवढ्या फटीतूनही आत शिरतो, त्यामुळे रात्रभर धक्क्यावर ठेवलेलं सामान तपासलेलं असलं तरी पुन्हा तपासायचं. बुटांचे तळवे कडक ब्रशने घासा आणि खाचांतली माती काडीने काढा. माती राहिली तर जंतुनाशक नुसतं वरून वाहतं, म्हणून आधी घासणं, मग फवारा, हा क्रम मोडू नका. वेल्क्रोच्या पट्ट्या, मोज्यांची वीण, पँटची दुमड, जाकिटाच्या खिशांची शिवण या गवताच्या कुसळांच्या लाडक्या जागा. चिमटा आणि चिकट टेप ठेवा. काढलेलं बी फुंकून न टाकता बंद पिशवीत घाला. होडीही झडतीतून सुटत नाही, कारण खालच्या फळ्यांखाली काय आहे हे बरेचदा तांडेलालाही ठाऊक नसतं.

रोपं न्यायची असतील तर कुंडीतली माती हा धोका समजा. तिच्यात गोगलगाय, मुंग्यांची वारुळं, बुरशी काहीही असू शकतं. बेटावरचंच बी घेऊन बेटावरच रोपवाटिका करणं हा जुना आणि चांगला मार्ग आहे. न्यूझीलंडच्या टिरिटिरी मटांगी बेटावर 1984 ते 1994 या काळात स्वयंसेवकांनी अडीच लाखांहून जास्त झाडं लावली, ती बेटावरच्या रोपवाटिकेत वाढवून. तेवढं जमणार नसेल तर निदान मुळं धुऊन, निर्जंतुक माध्यमात लावलेली रोपं न्या आणि उतरण्याच्या जागेजवळ काही आठवडे वेगळी ठेवा.

हत्यारांच्या यादीत लोक फावडी-कोयते लिहितात आणि कानस विसरतात. दुपारनंतर बोथट कोयत्यानेच हात कापतात. प्रत्येक हत्याराच्या मुठीला भडक रंगाची पट्टी लावा, नाहीतर दरवेळी एखादं गवतात राहतं. जाड हातमोजे माणशी एक जोड आणि चार जास्तीचे. पाणी माणशी 3 लिटर, उन्हाळ्यात 4. शौचाची सोय काय, हे आमंत्रणातच सांगा. हा प्रश्न विचारायला संकोच वाटणारी माणसं दिवसभर पाणी पीत नाहीत आणि दुपारी चक्कर येऊन पडतात.

उपरं तण काढायचं असेल तर दाट जाळीपासून सुरुवात करण्याचा मोह आवरा. तुरळक झाडं असलेल्या चांगल्या भागातून दाट भागाकडे सरका; सिडनीतल्या जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणींनी रुजवलेली ही पद्धत कमी मनुष्यबळाच्या गटांना आजही सोयीची आहे. उतारावरची जाळी एकदम साफ केली तर पहिल्या पावसात माती समुद्रात जाते, आणि उघड्या जमिनीवर पहिलं उगवतं ते तेच तण. बी धरलेलं असेल तर आधी बोंडं पिशवीत, मग खोड कापा. बुंध्याला तणनाशक लावायचं तर कापल्यावर काही मिनिटांतच, ताज्या कापावर, कडेच्या सालीलगत. उशीर झाला की काप सुकतो आणि औषध आत जात नाही. म्हणून कापणारा आणि लावणारा अशी जोडी लावा, आणि झालेला बुंधा ओळखण्यासाठी औषधात रंग मिसळा. औषध हाताळण्याचा परवाना किंवा प्रशिक्षण लागतं का, ते आधीच पाहून ठेवा. आणि पुढच्या तीन वर्षांत पुन्हा यायचं नियोजन नसेल, तर तणाचा मोठा पट्टा हातीच घेऊ नका.

बिळांच्या भागातून जाणं टळत नसेल तर रुंद फळ्या अंथरा, वजन पसरतं. तरीही बीळ खचलं तर पुढे न जाता थांबा, हाताने माती काढून वाट मोकळी करा, छताला लाकडाची फळी टेका आणि जागा नोंदवा.

किनारा साफ करताना मोठी चूक होते ती सगळंच उचलण्याची. वाहून आलेलं समुद्री शेवाळ कचरा नव्हे. त्यात उड्या मारणारे बारके जीव असतात आणि किनाऱ्यावरचे पक्षी ते खातात. पिशव्या 10 किलोच्या वर भरू नका, कारण त्या ओल्या वाळूतून वाहायच्या असतात. वाळूत रुतलेलं जाळं ओढू नका, कापून तुकडे करा. अनोळखी पिंप, त्यावरची खूण पुसलेली असली तरी, हलवायचं नाही: फोटो, जागा, आणि संबंधित यंत्रणेला निरोप. मेलेल्या पक्ष्यांना हात लावायचा नाही; एकाच ठिकाणी बरेच दिसले तर रोगाची शंका धरून काम थांबवा आणि बुटांपासून पुन्हा स्वच्छता करा.

नोंदींसाठी पेन्सिल आणि पाण्यात टिकणारी वही, कारण फोनचा पडदा ओल्या बोटांना दाद देत नाही. फोटोची जागा खुंटीने पक्की करा, कॅमेऱ्याची उंची 1.5 मीटर आणि होकायंत्राची दिशा अंशांत लिहा, आणि दरवर्षी त्याच महिन्यात फोटो घ्या. काहीच दिसलं नाही तर ‘0’ लिहा. रिकामी चौकट म्हणजे पाहिलं नाही असा अर्थ होतो. तारखेत महिना अक्षरांत लिहिला तर 4 मार्च आणि 3 एप्रिल यांचा घोळ टळतो.

गट चालवणाऱ्यांची स्वतःची तयारी थोडक्यात: जमीनमालकाची परवानगी लेखी आणि मुदतीसह, विम्यात होडीचा प्रवास धरला आहे का हे पडताळलेलं, बँकेत दोन सह्या, आणि गोदामाच्या किल्ल्या दोन घरांत. छोट्या बेटावर तेच पाचजण सगळं करतात, म्हणून प्रत्येक जबाबदारीला एक जोडीदार नेमा आणि वर्षातली एक फेरी जोडीदारानेच सांभाळावी. बेटावर राहणाऱ्यांना आणि मच्छीमारांना तुमच्या कामाची बातमी इतरांकडून कळता कामा नये. इंग्लंडच्या सिली द्वीपसमूहातली सेंट ॲग्नेस आणि गघ ही वस्ती असलेली बेटं 2016 मध्ये उंदीरमुक्त जाहीर झाली, ती रहिवाशांनी घरं-गोठे उघडून दिले आणि कचऱ्याची शिस्त पाळली म्हणूनच. ज्यांची शेळी तुमच्या कुंपणात अडकणार आहे, त्यांच्याशी चर्चा कुंपणाच्या आधी.

शेवटचं राहतं ते उंदीर दिसल्याच्या दिवसाचं खोकं. त्यात मध्ये शाईचा पट्टा असलेली, पावलांचे ठसे उमटवणारी कार्डं आणि ती ठेवायचे छोटे बोगदे, शेंगदाण्याच्या लोण्याचं आमिष, कुरतडल्यावर दातांच्या खुणा राहतात असे वासाच्या मेणाचे ठोकळे, सापळे, हातमोजे, टॉर्च आणि पावलांच्या व दातांच्या खुणांचे फोटो ठेवा. बोगदे 50 मीटर अंतराने, उतरण्याच्या जागेपासून दोन्ही बाजूंना. खेकड्यांच्या बेटावर आमिष खेकडेच पळवतात, तिथे बोगदे पायांवर उंच बसवा. लोणी खवट होतं, शाई सुकते, टॉर्चचे सेल गळतात. खोक्याच्या झाकणावर तपासणीची तारीख आणि तपासणाऱ्याचं नाव लिहायची जागा आखून ठेवा, आणि दर तीन महिन्यांनी ते उघडा.