पेशीचा पीएच मोजताय? या चुका टाळा

बायकार्बोनेट ट्रान्सपोर्टवर, म्हणजे पेशीच्या पडद्यातून बायकार्बोनेटची ने-आण होते त्यावर, काम करायला आलेली नवीन मंडळी पहिला संशय पेशीवर घेतात, बफरवर (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणावर) कुणीच घेत नाही. मीही तेच केलं होतं.

पीएचडीचं दुसरं वर्ष. पेशींमध्ये बीसीईसीएफ (पीएचनुसार चमक बदलणारा रंग) भरून हेपेसवरून (बायकार्बोनेट नसलेला बफर) ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि २४ मिलिमोलर बायकार्बोनेटवर स्विच केलं. आता कार्बन डायऑक्साइड आत शिरून पीएच पटकन खाली यायला हवा आणि मग ट्रान्सपोर्टर (पडद्यातली ने-आण करणारी प्रथिनं) बायकार्बोनेट आत घेऊन तो सावरणार. माझ्याकडे ती घसरण अगदी नावापुरती! तीन आठवडे मी हवेत, काहीतरी नवीन सापडलंय म्हणून. शेवटी एका सीनियरने एक शब्द न बोलता पेशी ठेवतो त्या चेंबरच्या तोंडाशी सिरिंजमध्ये सोल्युशन ओढलं, हवा न लागू देता, आणि पीएच मोजला तर ७.७, बाटलीत मात्र ७.४. ०.३ चा फरक म्हणजे निम्मा कार्बन डायऑक्साइड वाटेतच गायब, कारण सिलिकॉनच्या नळीतून तो आरामात बाहेर पडतो. तेव्हापासून माझी लाइन स्टीलची, फक्त जोडांना रबर, आणि रोज सकाळी चहाच्या आधी चेंबरपाशी पीएच. बाटलीत गॅसचे बुडबुडे शेवटपर्यंत चालू ठेवायचे, 'पाच मिनिटं सोडले तर पुरे' म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

दुसरा छळ म्हणजे निजेरिसिन, पेशीच्या आतला पीएच बाहेरच्याइतका करून रंगाचं कॅलिब्रेशन करायला वापरतात ते रसायन. कॅलिब्रेशन झालं की ते नळीला चिकटून बसतं, आणि दुसऱ्या दिवशीच्या पेशी काही न देताच आम्लधर्मी व्हायला लागतात. इथेनॉलने धुतलं की झालं, असं सांगतात. मी नाही विश्वास ठेवत. माझी कॅलिब्रेशनची नळी आणि चेंबर वेगळे, आणि ते काम दिवसाच्या शेवटी.

रिकव्हरीचा, म्हणजे पीएच सावरण्याच्या वेगाचा, नुसता उतार बघून 'बायकार्बोनेटमध्ये हळू आहे, म्हणजे ट्रान्सपोर्ट नाही' असं लिहू नका हो! तिथे बफरिंगच (पीएच बदलाला पेशीचा विरोध) जास्त असतं, आत १५ मिलिमोलर बायकार्बोनेट असेल तर त्याचंच साधारण ३५ मिलिमोलर प्रति पीएच एकक. उताराला एकूण बफरिंगने गुणा, आणि तुलना एकाच पीएचला करा.

हेपेसचा पीएच ३७ अंशालाच सेट करा.

डिड्स (ट्रान्सपोर्टर अडवणारं रसायन) ताजं बनवा, अंधारात ठेवा. आणि त्याने रिकव्हरी थांबली म्हणून लगेच ट्रान्सपोर्टरचं नाव जाहीर करू नका, ते बऱ्याच ट्रान्सपोर्टरना अडवतं. आधी द्रावणातून सोडियम काढून रिकव्हरी होते का बघा, मग क्लोराइड, वेळ जातो, जाऊ दे.