आयसीयूत ठोके बिघडले? नातेवाइकांनो, या चुका टाळा

जत-आटपाडीकडचा पेशंट मिरजेच्या आयसीयूत न्यूमोनियाने दाखल असतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डॉक्टर सांगतात, ‘ठोके अनियमित झालेत.’ यावर नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘अटॅक आला का?’ बहुतेक वेळा तसं नसतं. जंतुसंसर्ग अंगभर पसरला, ऑक्सिजन घटला, बीपी टिकवायला नॉरॲड्रेनालिन चालू असलं, की आधी हृदयाचा काही त्रास नसलेल्यालाही एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर, होऊ शकतं. वय जास्त असेल तर धोका वाढतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे अर्धवट माहिती. ‘बीपीची एक गोळी चालू आहे’ एवढ्याने भागत नाही. ती मेटोप्रोलॉल असेल आणि अचानक बंद पडली, तर ठोके उसळतात. पाण्याच्या (लघवी वाढवणाऱ्या) गोळीने रक्तातले पोटॅशियम, मॅग्नेशियम हे क्षार उतरलेले असू शकतात. थायरॉईडच्या गोळीचा डोस जास्त झाला तरी ठोके बिघडतात. घरातली गोळ्यांची पिशवी रिकाम्या पाकिटांसकट आणा. आणि दारूचं लपवू नका. रोज घेणाऱ्याची ती एकदम सुटली, की दोन-तीन दिवसांत अंग थरथरतं, नाडी धावते. आत डॉक्टर मात्र तापाचं कारण शोधत बसतात.

विषबाधेत तर लपवाछपवी जिवावर बेतते. तासगाव भागात द्राक्षाच्या फवारणीचं औषध घरोघरी असतं. पोलीस केस होईल म्हणून ‘चक्कर येऊन पडला’ असं सांगितलं जातं. बाटली किंवा तिचं लेबल आणा. पिवळ्या कण्हेरीच्या बिया खाल्ल्या असतील तर तेही स्पष्ट सांगा; त्यांचं विष थेट ठोक्यांवर जातं.

‘अशक्तपणा आलाय’ म्हणून नारळपाणी गुपचूप आत नेऊ नका. त्यात पोटॅशियम भरपूर. किडनी थकली असेल तर ते साठून हृदय बंदही पडू शकतं.

थोडं आयसीयूतल्या डॉक्टर-नर्स मंडळींसाठी. पोटॅशियम देऊनही वर येत नसेल तर मॅग्नेशियम बघा. ते कमी असलं की पोटॅशियम टिकत नाही. अझिथ्रोमायसिन, ऑन्डानसेट्रॉन, हॅलोपेरिडॉल ही रोजचीच औषधं, पण तिन्ही एकाच फाइलमध्ये आली की ईसीजीतलं क्यूटी अंतर (एका ठोक्यात हृदयाच्या खालच्या कप्प्यांची विद्युत क्रिया सुरू होऊन शांत होईपर्यंतचा वेळ) मोजायलाच हवं; या औषधांनी ते लांबतं. मॉनिटर ओरडला तर आधी पेशंटची नाडी धरा. अनेकदा छातीवरची चिकटपट्टी सुटलेली असते, नाहीतर पेशंट थंडीने कुडकुडत असतो.

घरी सोडताना ठोके पुन्हा सुरळीत असले तरी कार्डावर ही नोंद करून घ्या. हा त्रास परत उद्भवू शकतो. रक्त पातळ करायची गोळी लागेल का, ईसीजी पुन्हा कधी काढायचा, हे तिथेच विचारा.