मालकिणीची रोजनिशी गावात वाचायची तर

अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा (१८६१-६५) विषय वऱ्हाडात निघाला की बोलणं कापसाच्या चढलेल्या भावापाशीच संपतं. तिकडे तो कापूस पिकवणारे गुलाम आणि पुरुष लढाईवर गेल्यावर त्यांच्यावर हुकूम चालवणाऱ्या मालकिणी यांच्यात काय चाललं होतं, ते मालकिणींच्या रोजनिशांत सापडतं. वाचनालयात १०-१२ जण, २ तास आणि एकच पान घ्या. तीन पानं घेतली की नुसती गोष्ट ऐकली जाते, शब्द निसटतात.

आधी तारीख बघा. १ जानेवारी १८६३ ला लिंकन यांचा गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा निघाला खरा, पण त्या दिवशी गुलाम ठेवणाऱ्या दक्षिणेशी लढणारी त्यांची उत्तरेची फौज मळ्यापासून किती लांब होती ते नकाशावर दाखवा. फौज जवळ आली की पळून जाता यायचं, आणि मालकिणीची भाषा तिथेच बदलते. दक्षिणेतल्या मळेवाल्या घराण्यातल्या मेरी चेस्नट यांची प्रसिद्ध रोजनिशी घेतली, तर ती त्यांनी १८८० नंतर पुन्हा लिहून काढली होती हे आधीच सांगा.

मग फळ्यावर नमुन्याचं वाक्य लिहा: ‘फौज येणार म्हणून आम्ही चांदीची भांडी पुरली. नोकर निष्ठेने राहिले.’ खड्डा कोणी खोदला? जागा कोणाला ठाऊक होती? ‘नोकर’ म्हणजे इथे विकत घेतलेली माणसं. आता खोदणाऱ्याला कर्ता करून तेच वाक्य प्रत्येकाला लिहायला लावा. भांडी कुठे आहेत हे शिपायांना सांगायचं की नाही, हे आता त्याच्या हातात होतं, हे लिहितानाच लक्षात येतं. त्याच्या मनात काय होतं ते मात्र लिहू देऊ नका. पानात ते नाही.

जोडीला १९३६-३८ मधल्या, पूर्वी गुलाम असलेल्यांच्या मुलाखतींतली एक घ्या. ‘बाई मायाळू होत्या’ असं आलं की थांबा. विचारणारे बहुतेक गोरे होते, सांगणारे युद्धाच्या वेळी बहुधा लहान होते, आणि मंदीत कित्येकांना सरकारी मदतीची आस होती.

‘हे तर आपल्या सालदारासारखंच,’ असं कोणीतरी म्हणतंच. आधी फरक लिहा: सालदाराचं साल पाडव्याला संपतं, आणि त्याची लेकरं मालकाला विकता येत नाहीत. मग ‘आमचा माणूस, घरचाच’ या बोलण्याकडे या. तिथे पहिलं बोलणं सालदाराच्या घरच्यांना द्या. पाटलाच्या घरचे आधी बोलले की बाकीचे माना डोलावून गप्प बसतात.