लोकप्रशासनात मास्टर्स सुरू करताय? थिअरी कशी वाचायची ते आधी बघा

लोकप्रशासनाच्या मास्टर्सला नव्याने आलेल्या मुलांसोबत मी बरीच वर्षं पहिल्या सत्राचं वाचन करत आलेय, आणि दर वर्षी मुलं कुठूनतरी तोच सल्ला ऐकून येतात की सगळं वाचा, व्याख्या पाठ करा, प्रत्येक विचारवंताच्या वेगळ्या नोट्स काढा. कृपा करून यातलं काहीही करू नका.

अ‍ॅडमिशन, फी, कागदपत्रं झालीत असं धरून चालते.

१. सगळ्या विषयांच्या सबमिशनच्या तारखा एकाच कॅलेंडरवर टाका. झालं.

२. स्टॅटिस्टिक्सची धास्ती असेल तर सरासरी, मध्यक आणि स्प्रेडशीट हाताखालून घाला. आणि एक गोष्ट पक्की करा, प्रमाण ४० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेलं तर वाढ १० टक्केबिंदूंची, पण २५ टक्क्यांची. हा घोळ रिपोर्टमध्ये झाला की वाचणाऱ्याचा बाकीच्या आकड्यांवरचा विश्वासही जातो.

३. आता थिअरी. मी स्वतः इथेच अडकले होते. विल्सन, वेबर, टेलर, गुलिक असे या विषयाचे सुरुवातीचे विचारवंत एकेक करून वाचले, प्रत्येकाची दोन-दोन पानं टिपणं काढली, वही भरली, आणि परीक्षेत प्रश्न आला की प्रशासनाच्या तत्त्वांना खरंच तत्त्वं म्हणता येईल का, तेव्हा मला एक ओळ सुचेना. कोण काय म्हणालं ते पाठ होतं, पण ते कुणाला उद्देशून म्हणालं हे मी एकदाही विचारलं नव्हतं. ही माणसं एकमेकांशी वाद घालतायत, आणि तो वाद म्हणजेच हा विषय आहे.

म्हणजे बघा, लूथर गुलिकने १९३७ मध्ये वरिष्ठांची कामं सात शब्दांत बसवली, त्यांच्या आद्याक्षरांचं पोस्डकॉर्ब तुम्हाला पहिल्याच आठवड्यात भेटेल. एका माणसाला एकच साहेब असावा, एका साहेबाच्या हाताखाली मोजकीच माणसं असावीत, अशी तत्त्वं त्या काळात मांडली जात होती. १९४६ मध्ये हर्बर्ट सायमन म्हणाला की ही तत्त्वं म्हणींसारखी आहेत, प्रत्येकीला उलटी म्हण तयार असते. आपल्याकडे 'शुभस्य शीघ्रम्' पण आहे आणि 'अति घाई संकटात नेई' पण आहे, तसंच.

हे नुसतं वाचून सोडू नका, कागदावर मांडा. ६४ कर्मचारी घ्या. एका साहेबाखाली चारच माणसं ठेवली तर वर १६, मग ४, मग १, म्हणजे साहेबांच्या तीन पायऱ्या आणि एकूण २१ साहेब. आठ-आठ ठेवली तर वर ८ आणि मग १, दोनच पायऱ्या, नऊ साहेब. मोजकी माणसं ठेवा म्हणावं तर पायऱ्या वाढून फाइल रेंगाळते, पायऱ्या कमी करा म्हणावं तर एकेका साहेबावर भार येतो. सायमनचा आक्षेप हाच, की दोन्ही सल्ले शहाणपणाचे वाटतात पण कधी कुठला पाळायचा हे तत्त्व सांगत नाही. एवढं एक गणित हाताने केलं की सायमन परत पाठ करावा लागत नाही.

मग एका मोठ्या कागदावर नावं लिहा, दोन नावांमध्ये रेघ ओढा आणि रेघेवर भांडण एका वाक्यात लिहा. विल्सन १८८७ मध्ये म्हणतो प्रशासन राजकारणापासून वेगळं आहे, ड्वाइट वाल्डो १९४८ मध्ये विचारतो की कार्यक्षमता कार्यक्षमता म्हणता ती नेमकी कशासाठी, आणि ते ठरवणं तर राजकारणच. वाक्य सुचत नसेल तर तुम्हाला तो लेख अजून कळलेला नाही, परत वाचा. तयार नोट्स इथे कामाच्या नाहीत, त्यात कोण काय म्हणालं एवढंच असतं, कुणाला उत्तर दिलं ते गाळलेलं असतं.

माझं अजून एक ठाम मत, जे काही प्राध्यापकांना पटत नाही: सुरुवात वेबरपासून, म्हणजे नियमांवर चालणाऱ्या नोकरशाहीच्या त्याच्या मांडणीपासून, करू नका. आधी मायकेल लिप्स्कीचं १९८० मधलं लिखाण वाचा. खिडकीवरचा कारकून, शिक्षक, पोलीस यांच्याकडे वेळ कमी आणि माणसं जास्त, त्यामुळे नियम प्रत्यक्षात कसा लागू होणार हे बऱ्याच अंशी तेच ठरवतात, असं तो सांगतो. त्या खिडकीसमोर आपण सगळे उभे राहिलोय. मग वेबरचे नियम, उतरंड आणि फायली वाचताना हे सगळं कशासाठी आणि कुठे मोडतं, हे प्रश्न आपोआप पडतात.

४. ग्रुपचं काम: पहिल्याच दिवशी कोण काय करणार ते लेखी ठेवा.

५. पॉलिसी मेमो, म्हणजे निर्णय घेणाऱ्यासाठी लिहिलेली छोटी शिफारस. निबंधाची सवय इथे आड येते. 'जन्मदाखल्यांच्या विलंबाची अनेक कारणं आहेत' अशी सुरुवात केलीत तर वाचणारा दुसऱ्या ओळीवर जात नाही. 'दाखल्यांचे अर्ज घेणारी आणि तपासणारी खिडकी वेगळी करावी, कारण सध्या एकाच माणसाला दोन्ही कामांसाठी उठावं लागतं' असं लिहा. शिफारस पहिल्या वाक्यात, कारण लगेच मागे, आणि किती माणसं लागतील, किती खर्च येईल ते त्याच पानावर.