लेहला निघालात? मग पहिले तीन दिवस रमतगमत जा

मराठवाड्यातल्या कळंबहून दोन मोटारसायकलींवर लेहला जायचं ठरलं, तेव्हा गावातल्या प्रत्येकानं आम्हाला खारदुंग ला खिंड, बर्फ आणि ऑक्सिजन यांवर ज्ञान दिलं. येरमाळ्याच्या पुढं बॅग लोंबकळायला लागली तर काय करायचं, हे एकानंही सांगितलं नाही. लांबच्या प्रवासात जी काही फजिती व्हायची ती बहुतेक पहिल्या तीन दिवसांतच होते. तेव्हा ती घराजवळच होऊ द्या. तिथं भाषा आपली असते, मेकॅनिक ओळखीचा निघतो आणि अडलंच तर मावशीचं घर असतं.

मनालीकडून लेहला जाणारा रस्ता बर्फ हटल्यावर सुरू होतो. त्यामुळं आपल्याकडून निघायची वेळ नेमकी मृगाच्या तोंडावर येते. सकाळी ऊन भाजतं आणि दुपारनंतर वावधान सुटतं. पहाटे पाचला गाडीला किक बसलीच पाहिजे. पहिल्या दिवशी कळंब, येरमाळा, बीड, गेवराई, संभाजीनगर, असा साधारण सव्वादोनशे किलोमीटरचा पल्ला ठेवा. हुरूप येतो की धुळं गाठू, पण गाठू नका. लादलेली गाडी कशी वळते आणि ब्रेक कुठं लागतो, हे अंगात मुरायला एक दिवस जातो.

आता सामान. हुकाच्या रबरी दोऱ्या घेऊ नका, त्या ताणल्या की सैल होतात. पंक्चरवाल्याकडून जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या कापून घ्या, जवळपास फुकटात मिळतात. जड वस्तू, म्हणजे नट-बोल्टचे पाने, ट्यूब, पाण्याची बाटली, दोन्ही बाजूंच्या बॅगांत खाली ठेवा आणि दोन्हीकडचं वजन हातानं तोलून बघा. कपडे वर. बांधून झालं की बॅग धरून गदागदा हलवा. बॅगेबरोबर सगळी गाडी हलली तर बांधणी बरोबर. नुसती बॅगच हलली तर सोडा आणि पुन्हा बांधा. मी हे केलं नव्हतं. पाचोडच्या अलीकडं मागून दोस्ताचा हॉर्न सुरू झाला. मला वाटलं, गडी खुशीत आहे. थांबून बघतो तर रेनकोटची पँट सायलेन्सरवर चिकटून तिची डांबरासारखी पोळी झालेली. पावसाळ्याच्या तोंडावर, पहिल्याच दिवशी!

पावसासाठी महागाच्या कव्हरांपेक्षा आमचा उपाय बरा. कपडे आधी जाड पन्नीत गुंडाळायचे, मग बॅगेत भरायचे. बाहेरून कितीही भिजलं तरी आत कोरडं राहतं. पन्नी खताच्या पोत्यातली असेल तर आधी धुऊन घ्या, नाहीतर आठवडाभर अंगाला युरियाचा वास येईल.

मृगाच्या पहिल्या पावसात एक गोष्ट फार जपा. पेरणीचे ट्रॅक्टर शेतातून सडकेवर येतात आणि चाकांबरोबर काळी माती आणतात. ती भिजली की साबण होते. डांबरावर असे काळे पट्टे दिसले की आधीच वेग कमी करा. पट्ट्यावर पोहोचल्यावर ब्रेक दाबायचा नाही, गाडी आडवी करायची नाही, सरळ निघून जायचं. कच्च्या साइडपट्टीवर तर उतरूच नका. चिखल मडगार्डात भरून चाक जाम होतं आणि मग काडीनं उकरत बसावं लागतं. विजा कडाडायला लागल्या तर झाडाखाली थांबायचा मोह आवरा. शाळा, देऊळ, जे पक्कं बांधकाम दिसेल ते गाठा.

दोघांच्या गाड्या सारख्या असतील तर एकच क्लच केबल, एकच प्लग दोघांना चालतो. आमच्या नव्हत्या. त्याची साडेतीनशे सीसीची बुलेट, माझी स्प्लेंडर. अशा वेळी कमी ताकदीची गाडी पुढं ठेवायची. बुलेटवाला पुढं असला की त्याच्या नकळत चार किलोमीटर लांब जातो आणि मागचा जीव खाऊन इंजिन पिळतो. पुढच्यानं आरशात मागच्या गाडीचा दिवा बघत राहायचं. दोन-तीन मिनिटं दिसला नाही तर पुढच्या फाट्यावर कडेला थांबायचं. मागं वळून शोधायला जायचं नाही, नाहीतर दोघंही एकमेकांना शोधत फिरता. क्लचची जादा केबल जुन्या केबलीला समांतर बांधून ठेवा, म्हणजे तुटली की जागेवरच जोडता येते.

पैशाचं निघायच्या आधीच ठरवा. आम्ही दोघांनी दोन-दोन हजार एका पाकिटात टाकले. चहा, जेवण, मुक्काम त्यातून. संपले की पुन्हा सारखे टाकायचे. पेट्रोल ज्याचं त्यानं भरायचं, कारण बुलेट पिते त्यात माझी गाडी दुप्पट पळते. जेवणाचं म्हणाल तर दोन दिवसांच्या दशम्या, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घरूनच न्या.

पहिला मुक्काम संभाजीनगरात मावशीकडं. नातेवाइकाचं घर इथं फार कामी येतं. रात्री सगळं सामान ओसरीवर ओता आणि दिवसभरात ज्याला हात लागला नाही ते बाजूला काढा. आमचा ढीग असा निघाला: दोन जीन्स, एक कढई, जादा बूट, दीड किलो चिवडा आणि दोस्ताची इस्त्री. इस्त्री! मी विचारलं, तर म्हणतो, "लेका, फोटो काढायचे असतात." सगळं मावशीकडं ठेवलं. वजन उतरल्यावर मागच्या टायरची हवा पुन्हा तपासा, तीसुद्धा सकाळी टायर थंड असताना. किती भरायची ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. एकट्याचा आकडा वेगळा, ओझ्याचा वेगळा. चेनचा सैलपणाही तेव्हाच बघा. ऑइल मात्र संध्याकाळी, चेन गरम असताना द्या.

दुसऱ्या दिवशी धुळ्यापर्यंतच जायचं, जेमतेम दीडशे किलोमीटर. वाटेत वेरूळ बघायचं असेल तर मंगळवार टाळा, त्या दिवशी लेणी बंद असतात. कन्नड सोडलं की औट्रम घाट लागतो आणि आपण पठारावरून खाली खानदेशात उतरतो. लादलेल्या गाडीची ही पहिली खरी परीक्षा. वर असतानाच दुसरा-तिसरा गिअर टाका आणि इंजिनालाच गाडी धरू द्या. न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे शहाणे भेटतील, त्यांना पुढं जाऊ द्या. ब्रेक सतत दाबून ठेवला की तो तापतो आणि पकड सोडतो. थोडा दाबा, सोडा, पुन्हा दाबा.

घाट उतरून चाळीसगावला आलो तेव्हा आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. कारण चहा. त्याला दर तीस किलोमीटरला लागायचा, मला एकदा बसलं की उतरावंसं वाटत नाही. कुणी काही बोललं नाही, नुसतं दोघांचंही तोंड वाकडं. धुळ्याच्या लॉजवर शेवटी स्पष्ट बोललो. सत्तर किलोमीटरला थांबायचं, तहान असो वा नसो, आणि मधे कुणाला थांबायचं असेल तर दोन हॉर्न, कारण विचारायचं नाही. असलं बोलणं दुसऱ्या दिवशीच करून घ्या, राजस्थानच्या उन्हात ते जमत नाही.

तिसऱ्या दिवशी शिरपूर मागं टाकलं, बिजासन घाट चढून मध्य प्रदेशात शिरलो. मीटरवर सत्तर व्हायला अजून अकरा किलोमीटर होते आणि मागून दोन हॉर्न आले. मी कारण विचारलं नाही. टपरीवर पोहे होते, मीही दोन प्लेट खाल्ले.