जुनं इंग्लिश वाचताना सोप्या शब्दांपासून सावध कसं राहायचं

शेक्सपिअर किंवा जेन ऑस्टिन वाचायला घेतलं की आपण अवघड शब्दांना घाबरतो, पण खरं सांगू का, अवघड शब्द दगा देत नाहीत, ते येत नाहीत हे आपल्याला माहीत असतं आणि आपण गपचूप डिक्शनरी उघडतो. दगा देतात ते शाळेतल्या पोरालाही येणारे शब्द. लेट, नाइस, प्रेझेंटली असले, ज्यांचा अर्थ तेव्हा वेगळा होता.

म्हणून पहिलं काम म्हणजे संशय घ्यायचा. वाक्य जवळजवळ लागतंय पण कुठेतरी खटकतंय असं झालं की त्यातल्या सगळ्यात सोप्या शब्दाला धरा. हॅम्लेटच्या पहिल्या अंकात बापाचं भूत खुणावतंय, सोबतचे लोक हॅम्लेटला धरून ठेवतायत आणि तो ओरडतो, 'आय'ल मेक अ घोस्ट ऑफ हिम दॅट लेट्स मी!' आजच्या अर्थाने घेतलं तर जो मला जाऊ देईल त्यालाच मारीन, म्हणजे बरोब्बर उलटं. इथे लेट म्हणजे अडवणे. फार जुन्या इंग्लिशमध्ये दोन वेगळी क्रियापदं होती, एक जाऊ देण्याचं आणि एक अडवण्याचं, उच्चार झिजत झिजत दोन्ही सारखी झाली आणि मग अडवणारं मागे पडलं. पण गेलं नाही हां पूर्ण. आपला भारतीय पासपोर्ट उघडा, राष्ट्रपतींच्या नावाने जी विनंती छापलेली असते त्यात 'विदाउट लेट ऑर हिंडरन्स' दिसेल, आणि टेनिसमध्ये सर्व्हिस नेटला घासून आत पडली की जे लेट म्हणतात ते पण हेच.

मग पुस्तकाचं साल बघा, याला पर्याय नाही. शेक्सपिअर 1600च्या आगेमागे, ऑस्टिनच्या कादंबऱ्या 1811 पासून पुढे, मधे दोनशे वर्षं गेली. प्रेझेंटली म्हणजे शेक्सपिअरकडे बहुतेक वेळा 'ताबडतोब', नंतर ते घसरून 'थोड्या वेळाने' झालं (आत्ता आलोच म्हणणारे सगळीकडे सारखेच). ऑस्टिनच्या प्राइड अँड प्रेज्युडिसमध्ये मिस्टर कॉलिन्स लेडी कॅथरीनच्या कन्डिसेन्शनचं तोंड भरून कौतुक करतो, आज हा शब्द म्हणजे सरळ तुच्छतेने वागणं, त्या काळी मात्र मोठ्या घरच्या माणसाने मोठेपणा बाजूला ठेवून साध्या माणसाशी बोलणं, म्हणजे चांगला गुण. हे माहीत नसेल तर कॉलिन्स टोमणा मारतोय असं वाटेल, आणि त्या बिचाऱ्याच्या डोक्यात टोमणा येणं शक्यच नाही. तसंच ऑस्टिनच्याच एमा कादंबरीत मिस्टर एल्टन घोडागाडीत एमाशी 'मेकिंग व्हायलंट लव्ह' करतो, घाबरू नका, तो फक्त हात धरून तावातावाने प्रेम जाहीर करतोय.

डिक्शनरी कुठली? फोनमधली चालणार नाही, ती आजचा अर्थ आधी दाखवते. ऑक्सफर्डची मोठी डिक्शनरी, ओईडी, सगळ्यात बेस्ट, प्रत्येक अर्थाला सालवार उदाहरणं असतात, पण सबस्क्रिप्शन लागतं, तेव्हा लायब्ररीत चौकशी करा. फुकटात हवं तर सॅम्युअल जॉन्सनची 1755ची डिक्शनरी ऑनलाइन आहे, ऑस्टिनसाठी ती मस्त चालते. मराठीतून अर्थ हवा असेल तर मोल्सवर्थ आणि कँडी यांच्या 1847च्या इंग्लिश-मराठी कोशाचा स्कॅन मिळाला तर जरूर चाळा, त्या काळच्या इंग्लिशचे त्या काळच्या मराठीत अर्थ. आणि सगळ्यात सोपं म्हणजे प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुनी पुस्तकं फुकट देणाऱ्या वेबसाइटवरून पुस्तक उतरवून त्यात तो शब्द सर्च करा, त्याच लेखकाने चार-पाच ठिकाणी कसा वापरलाय ते बघितलं की अर्थ बऱ्याचदा आपोआप लागतो.

फक्त मूळ शोधून तोच अर्थ चिकटवू नका. नाइस हा लॅटिनमधल्या 'अडाणी' अर्थाच्या शब्दावरून आला आणि इंग्लिशमध्ये आधी 'मूर्ख' होता हे खरं, पण ऑस्टिनपर्यंत तो इतका गुळगुळीत झाला होता की नॉर्थँगर अ‍ॅबीमध्ये हेन्री टिल्नी त्यावरून नायिका कॅथरीनची (ही वेगळी, लेडी कॅथरीन नव्हे) चेष्टा करतो. तिथे मूर्ख घातलात तर गंमतच संपली.

दाऊ (जुन्या इंग्लिशमधला 'तू') आणि यू यांच्या बाबतीत मात्र आपण मराठी लोक नशीबवान, तू आणि तुम्ही आपल्या अंगात आहे. देवाला तू, नोकराला तू, भांडणात तू, सगळं तिथेही तसंच. त्यामुळे शेक्सपिअरचं पात्र बोलता बोलता यूवरून दाऊवर आलं की थांबा आणि बघा, एकतर जवळीक वाढलीये नाहीतर डोकं फिरलंय. गाइडमध्ये दाऊ म्हणजे यू एवढं लिहून मोकळे होतात, ते सोडून द्या.